ठाणे-नवी मुंबईच्या दमट उन्हाळ्यात छत गार कसं ठेवायचं

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याला मे महिन्यात दुपारपेक्षा रात्र जास्त छळते. ऊन उतरलेलं असतं, खाडीवरून थोडा वाराही येतो, पण पंखा लावला की तो छतालगतची गरम हवा खाली ओढून अंगावर सोडतो. पाच-सहा इंचांचा आरसीसी स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि ती धग आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणून छत आतून सगळ्यात गरम लागतं ते संध्याकाळनंतर, जेवणाच्या वेळेला. यावर एसी हा उपाय आहेच. पण एसी घरातली उष्णता फक्त खिडकीबाहेर टाकतो, वर त्याच्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो. म्हणजे गल्लीही तापते आणि जगही.

उष्णता गल्लीत न टाकता थेट आभाळात पाठवायची, तीही विजेशिवाय, या तंत्राला रेडिएटिव्ह कूलिंग म्हणतात. हल्ली गच्चीच्या रंगाच्या डब्यांवर आणि विक्रेत्यांच्या पत्रकांवरही हा शब्द छापून येतो. आपल्या हवेत त्यातलं किती खरं ठरतं आणि आपल्या छतावर ते पायरीपायरीने कसं करायचं, ते इथे देतोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ठाणे-नवी मुंबईत या तंत्राच्या महागड्या फिल्मपेक्षा चांगला पांढरा थर नीट लावणं आणि तो दरवर्षी धुणं जास्त फायद्याचं आहे. हे मत आकड्यांवरून बनलं आहे, ते आकडे पुढे येतीलच.

आधी थोडं शास्त्र

प्रत्येक वस्तू सतत अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. ३० अंश सेल्सिअसचं छत दर चौरस मीटरला जवळपास ४८० वॉट एवढी उष्णता सोडतं. त्यातली बरीचशी हवेतली वाफ आणि इतर वायू शोषून परत खाली पाठवतात. पण साधारण ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते. त्या झरोक्यातून उष्णता सरळ अंतराळात निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर दव साचतं ते यामुळेच. टप आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो. शेजारीच झाडाखाली लावलेली गाडी मात्र कोरडी राहते, कारण तिला आभाळ दिसत नाही.

ही गोष्ट आपल्या देशात फार जुनी आहे. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री उथळ खड्ड्यांत पेंढा आणि उसाची चिपाडं पसरून त्यावर मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवायचं आणि पहाटे बर्फ गोळा करायचा, ही अलाहाबादकडची पद्धत रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली होती. हवा शून्याच्या वर असतानाही बर्फ धरत असे. भांड्यातून झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाचाही त्यात वाटा होता.

रात्रीचं सोपं होतं, अडचण दिवसाची. आभाळाकडे जाते त्याच्या कितीतरी पट उष्णता उन्हातून येते. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन, शानहुई फॅन आणि सहकाऱ्यांनी चांदीवर हाफ्नियम डायऑक्साइड आणि सिलिकाचे मिळून सात अतिपातळ थर दिले. हा पृष्ठभाग ९७ टक्के ऊन परतवत होता आणि भर उन्हात हवेपेक्षा ४.९ अंश गार राहिला. २०१७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने काचेचे सूक्ष्म गोळे मिसळलेली, गुंडाळीत बनवता येणारी प्लॅस्टिक फिल्म केली. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने बेरियम सल्फेटचा ९८.१ टक्के ऊन परतवणारा रंग बनवला.

आता आपल्याकडचं. आपल्याला मे महिन्यात जे ऊन मिळतं त्याच्यावर दमटपणाची गोधडी असते. हवेतली वाफ तो ८ ते १३ मायक्रॉनचा झरोका बराचसा बंद करते. कोरड्या, निरभ्र प्रदेशात छताला आभाळाकडून चौरस मीटरला १०० वॉटच्या आसपास गारवा मिळू शकतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये तो निम्म्यावर किंवा त्याखाली येतो आणि पावसाळी ढगांत जवळपास संपतो.

पण दुसरी बाजू बघा. दुपारचं ऊन ९०० वॉट धरू. जुना, काळपट कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) त्यातलं ३० टक्के परतवतो आणि ६३० वॉट पितो. चांगला पांढरा थर ८० टक्के परतवतो आणि फक्त १८० वॉट घेतो. वाचले ४५० वॉट. आभाळाच्या झरोक्यातून मिळणाऱ्या चाळीस-पन्नास वॉटच्या तुलनेत हा आकडा नऊ ते अकरा पट मोठा आहे. तोच ८० टक्क्यांचा थर धुळीने ६० वर आला तर पुन्हा १८० वॉट जास्त आत येतात. आणि ८० च्या जागी ९५ टक्क्यांचा महागडा थर लावून दुपारी जास्तीचे किती वाचतात? १३५. म्हणजे न धुतलेल्या थराचं नुकसान हे महागड्या थराच्या फायद्याहून मोठं आहे.

पायरी १: तुमचं छत कोणतं ते ठरवा

ठाणे-नवी मुंबईत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

उघडी गच्ची, म्हणजे आरसीसी स्लॅबवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा. नौपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारती, वाशी-नेरुळकडच्या सिडकोच्या सोसायट्या. यातल्या काहींवर चायना मोझेक असतो, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा. तसा असेल तर तुमच्याकडे आयतं थंड छत आहे, फक्त ते मळलंय. टाइल्स ठोकून बघा. पोकळ वाजत नसतील तर घासूनपुसून स्वच्छ करा, सांध्यांत पांढरं ग्राऊट भरा आणि रंगाचा खर्च वाचवा. वॉटरप्रूफिंगवाला "हे सगळं फोडून नवीन करू" म्हणेलच. गळती नसेल तर ऐकू नका.

दुसरा प्रकार, गच्चीवर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड. पावसाळी गळतीला वैतागून असंख्य सोसायट्यांनी ती उभी केली आहे. अशा ठिकाणी ऊन झेलतो तो पत्रा, तेव्हा थर पत्र्यावर द्यायचा. खालच्या कोब्यावर पैसे घालू नका. शेडच्या बाजू मात्र उघड्याच ठेवा. कोणी ताडपत्री लावून बंद केल्या असतील तर काढायला लावा. शेड नव्याने घालायची असेल तर पालिकेची परवानगी घ्या आणि पत्रा निळा, हिरवा किंवा विटकरी न घेता पांढरा किंवा ऑफ-व्हाइट मागवा. दर साधारण तोच, थर नंतर चढवायचा खर्चही वाचला.

तिसरा प्रकार घरावरच थेट पत्रा: लोकमान्यनगर, कळवा, दिघा, तुर्भे इथल्या चाळी आणि वस्त्या, गावठाणांतले वरचे मजले, वागळे इस्टेट आणि टीटीसी एमआयडीसीमधले कारखाने. सर्वात जास्त त्रास इथे आणि सर्वात जास्त फायदाही इथेच. स्लॅब तापायला वेळ घेतो, पत्र्याला तो वेळच नसतो. अकरा वाजता ऊन चढलं की साडेअकराला डोकं तापायला लागतं. पांढऱ्या थराने खोलीचं तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. वरच्या टोकाचा फायदा पत्र्याच्या घरात मिळतो, स्लॅबखाली कमी.

तुमच्या गच्चीला आभाळ किती दिसतं तेही बघून ठेवा. चार मजली इमारतीच्या दोन्ही बाजूंना पुनर्विकासाचे टॉवर उभे राहिले असतील तर तुमचं छत रात्री आभाळाऐवजी त्या तापलेल्या भिंती बघत बसतं. तिथे रात्रीच्या गारव्याची आशा कमी ठेवा. दुपारी ऊन येत असेल तर पांढऱ्या थराचा उपयोग आहेच.

पायरी २: मोजा

हजार-पंधराशेच्या आसपास इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, पिस्तुलासारखा. सोसायटीने एक घेऊन ठेवावा. निरभ्र दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला गच्चीचा पृष्ठभाग मोजा, रात्री नऊ वाजता शेवटच्या मजल्यावरच्या खोलीत छताची आतली बाजू मोजा. त्याच वेळी शेवटून दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं छतही. या दोन घरांमधला फरक म्हणजे गच्चीने केलेला त्रास. काम झाल्यावर अशाच दिवशी पुन्हा मोजलं की कंत्राटदाराशी वाद घालायची गरज उरत नाही.

इथे एक फसगत होते. कोऱ्या, चकचकीत पत्र्यावर हे यंत्र चुकीचा, फार कमी आकडा दाखवतं. कारण असा धातू स्वतः फारसे अवरक्त किरण सोडत नाही, समोरच्या आभाळाचेच परतवतो. हाताला चटका बसत असतो आणि यंत्र म्हणतं २८. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या टेपवर मोजा.

हेच यंत्र रात्री सरळ वर, आभाळाकडे रोखून बघा. अशी बहुतेक यंत्रं ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात वाचतात, म्हणजे जवळपास त्याच झरोक्यातून बघतात. जानेवारीच्या कोरड्या रात्री आकडा हवेच्या कितीतरी खाली जातो, कधी शून्याखालीही. मेमध्ये फरक बराच कमी होतो. जूनच्या ढगांकडे रोखलं तर आणखी कमी. दमट हवेचं सगळं प्रकरण एका बटणावर समजतं. दिवसा करायचं तर सूर्यापासून लांबच्या बाजूला रोखा.

पायरी ३: दिवस निवडा

आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. स्लॅबने पावसात प्यायलेलं पाणी बाहेर पडायला आणखी काही आठवडे लागतात. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिलमध्ये जाग आली तरी चालेल, पण मेच्या शेवटाला घाईघाईत लावलेला थर पहिल्या सरीत सुटून पाण्याच्या पाइपात जातो.

हिवाळ्यात एक पथ्य पाळा: दिवसाचा शेवटचा हात दुपारी दोन-तीनच्या आत संपवा. संध्याकाळपर्यंत थर पुरता वाळला नाही तर रात्री आभाळाकडे बघत गच्ची गार होते, तिच्यावर दव धरतं आणि सकाळी पांढऱ्यावर डाग आणि पुळ्या दिसतात. गच्ची गार करण्यासाठी जे घडायला हवं, तेच कामाच्या आड येतं.

स्लॅब कोरडा झाला की नाही हे बघायला दोन फुटी चौकोनी जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर आणखी थांबा.

पायरी ४: माल निवडा

डब्यावरचं "इतके अंश गार" हे वाक्य वाचू नका. विक्रेत्याकडे दोन आकडे मागा: सौर परावर्तन आणि उत्सर्जकता. पहिला म्हणजे किती ऊन परतवतो, दुसरा म्हणजे स्वतःची उष्णता किती सहज सोडतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ नुसार सपाट किंवा कमी उताराच्या थंड छताला सुरुवातीला परावर्तन किमान ०.६० आणि उत्सर्जकता किमान ०.९० लागत होती. मी ०.८० च्या खालचं परावर्तन घेऊ नये असं म्हणेन, कारण पहिल्या एक-दोन वर्षांत धुळीने त्यातलं ०.१ ते ०.२ जातंच. नव्या थराचा अहवाल सगळे देतात. जुनं झाल्यावरचे आकडे देणारा विक्रेता दिसला तर त्याला अर्धे गुण आधीच द्या. एसआरआय नावाचा आकडा या दोन्हींचा मिळून असतो. पांढऱ्या थराचा तो १०० च्या आसपास असावा.

आता चंदेरी रंग. पत्र्याच्या शेडचं काम निघालं की हमखास संवाद होतो:

"साहेब, वरून सिल्व्हर मारून टाकू. चमकेल, ऊन मागे फेकेल."

"आणि तापलेला पत्रा गार कसा होणार?"

"तो... वाऱ्याने होईल ना."

तो वाऱ्यानेच होतो, कारण अॅल्युमिनियमचा रंग आणि कोरा जस्ताचा पत्रा दोघेही ऊन बऱ्यापैकी परतवतात, पण घेतलेली उष्णता सोडताना कंजूस असतात. त्यांची उत्सर्जकता पांढऱ्या रंगाच्या निम्म्यावर किंवा त्याखाली असते. दिसायला चमकदार, हाताला चटका. साधा पांढरा अॅक्रिलिक रंग इथे चंदेरीला सहज हरवतो. छताच्या वरच्या बाजूला चंदेरी नको, एवढं लक्षात ठेवा. आतल्या बाजूचा नियम बरोबर उलटा आहे, तो पुढे येतो.

पर्याय तीन:

चुना. सर्वात स्वस्त. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं चुन्याने पांढरी केली. आपल्याकडे अडचण पावसाची. चुना पहिल्या मोसमात बराचसा धुऊन जातो, म्हणजे दर फेब्रुवारीत पुन्हा लावायचा. भाड्याच्या घराला किंवा हात आखडता असेल तर हाच घ्या. भिजवलेला चुना गाळून, त्यात थोडा पांढरा गोंद घालून पातळ दोन-तीन हात द्या. चष्मा आणि हातमोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. कळीचा चुना विकत घेऊन घरी फोडत बसू नका, तो पाण्यात पडताच उकळतो.

पांढरं इलॅस्टोमेरिक अॅक्रिलिक कोटिंग. रबरासारखं ताणलं जातं, त्यामुळे बारीक भेगा झाकते आणि गळतीलाही थोडा आळा बसतो. उघड्या गच्चीसाठी आणि बहुतेक सोसायट्यांसाठी हेच. पत्र्यासाठी त्याचा धातूवर बसणारा प्रकार घ्या, खाली गंजरोधक प्रायमर लावून.

रेडिएटिव्ह कूलिंगची फिल्म किंवा खास रंग. घरासाठी मी सुचवणार नाही. ज्या फिल्ममध्ये धातूचा थर असतो तिच्या कडा खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उचलल्या जाण्याची भीती मोठी, आणि वर दाखवलेला हिशेब तिच्या बाजूचा नाही. तिची जागा वेगळी आहे: तुर्भे-वाशीकडची शीतगृहं, टेलिकॉमच्या पेट्या, औषधांची गोदामं. तिथे वर्षभर, रात्रंदिवस गारवा विकत घ्यावा लागतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या कोरड्या रात्रींचे वॉटही पैशात मोजले जातात. अशा ठिकाणी आधी छोट्या तुकड्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मग मोठी ऑर्डर.

भाव विचारताना लिटरचा विचारू नका, दोन हातांसकट चौरस फुटाचा विचारा. इलॅस्टोमेरिक कोटिंग दोन हातांत लिटरला साधारण २० ते ३० चौरस फूट जातं. हजार चौरस फुटांच्या गच्चीला ३५ ते ५० लिटर लागणार. कोणी वीस लिटरच्या एका बादलीत तेवढी गच्ची करून देतो म्हणाला, तर तो पाणी विकतोय.

पायरी ५: पृष्ठभागाची तयारी

खरं काम इथे आहे. नवा थर सुटतो तो बहुतेकदा रंग वाईट म्हणून नाही, तर खालचं शेवाळ नीट काढलेलं नसतं म्हणून. पावसाळ्यानंतर कोब्यावर काळी साय दिसते ते वाळलेलं शेवाळ. ते झाडूने जात नाही. तारेच्या ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्धा तास ठेवा, पुन्हा घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. ब्लीचिंग असताना संडासाचं अॅसिड जवळही आणू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. कबुतरांची वस्ती असेल तर विष्ठा आधी ओली करा, मग खरवडा, तोंडाला मास्क लावून.

धुऊन झालं की पाणी कुठे साचतं ते खडूने आखून ठेवा. त्या खोलगट जागा पॉलिमर मॉर्टरने भरून उतार पाइपाकडे काढायचा. साचलेल्या पाण्यात धूळ बसते, धुळीवर शेवाळ येतं आणि तिथला पांढरा रंग पहिल्याच वर्षी काळा होतो. भेगा व्ही आकारात उकरून भरा. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) ठोकून बघा. गळती बहुतेक तिथूनच असते. तो पोकळ वाजला तर नवा काढा आणि त्यावर फायबर जाळी घाला. मग पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी भरा आणि दोन दिवस ठेवा. खाली ओल आली तर रंगाचं काम थांबवून आधी गळती निस्तरा. पांढऱ्या थराखाली दडलेली गळती नंतर शोधणं महाग पडतं.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल वेगळं आणि ठळक सांगतो. त्यावर थेट पाय देऊ नका. जुना सिमेंटचा पत्रा उन्हापावसाने ठिसूळ होतो, वरून धड दिसतो आणि माणसाच्या वजनाने फुटतो. खाली पडून जीव जातात. पत्र्याखालचे आडवे पाइप किंवा वासे जिथे आहेत तिथे वर नट-बोल्टची रांग दिसते. दोन रांगांवर टेकेल अशी जाड फळी किंवा शिडी आडवी टाका आणि तिच्यावरूनच सरका. कमरेला दोर हवा. शक्य असेल तिथे बाजूने शिडी लावून लांब दांड्याच्या रोलरने करा. शिवाय जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो. सुका घासू नका, मशीन लावू नका, भोकं पाडू नका. पाणी मारून ओला करून मऊ ब्रशने धुवा.

लोखंडी पत्र्यावर गंज खरवडा, सैल बोल्ट आवळा, कडक झालेले रबरी वॉशर बदला. मगच प्रायमर.

पायरी ६: थर लावणं

सकाळी दव उडून पृष्ठभाग कोरडा झाला की सुरुवात. पहिला हात पाणी मिसळून पातळ, म्हणजे तो कोब्यात मुरतो. पाणी किती ते डब्यावर असतं, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. पुढचे दोन हात जसेच्या तसे, एक उभा आणि एक आडवा. दोन हातांमध्ये चार-सहा तास. ऐन बाराच्या तापलेल्या पत्र्यावर लावू नका, कातडी धरून आत ओला राहतो. काम चालू असताना रिकाम्या बादल्या मोजून बाजूला ठेवायला सांगा. ठरलेला माल संपला की नाही याचा दुसरा पुरावा नसतो.

गच्चीवर लोक चालतात, कपडे आणि पापड वाळत घालतात. गुळगुळीत थर पावसात भयंकर निसरडा होतो. दारापासून टाकीपर्यंतच्या वाटेवर शेवटच्या हातात बारीक वाळू भुरभुरवा किंवा अँटी-स्किड प्रकार वापरा. शेजारी टॉवर असेल तर चकाकी नसलेला, मॅट प्रकार घ्या. नाहीतर मार्चमध्ये समोरच्या बाराव्या मजल्यावरून तक्रार येईल, आणि ती रास्त असेल.

सोलर पॅनल बसवायचे ठरले असतील तर आधी थर, मग पॅनल. पॅनल आधीच असतील तर त्यांच्याखाली रंगवत बसू नका, तिथे सावली आहेच.

पायरी ७: पत्र्याच्या आतल्या बाजूला

पत्र्याच्या घरात त्रास फक्त गरम हवेचा नसतो. साठ अंशांचा पत्रा वरून डोक्यावर अवरक्त किरणांचा मारा करत असतो, म्हणून पंखा असूनही कपाळ तापतं. इथे छताने किरण कमी सोडायला हवेत, म्हणून आतून चंदेरी चालतं. अॅल्युमिनियमचा थर असलेली एअर बबल शीट पत्र्याखाली बोटभर तरी पोकळी सोडून ताणा, चकचकीत बाजू खोलीकडे. चिकटवून टाकली तर निम्मा फायदा गेला. वर दोन बाजूंना हवा जायला फट ठेवा. थर्माकोलचे तुकडे लावू नका. चाळीत वायरिंग त्याच पत्र्याखालून गेलेलं असतं आणि थर्माकोल बघताबघता पेटतो.

पायरी ८: सोसायटीत मंजुरी

गच्ची सोसायटीची, फायदा शेवटच्या मजल्याचा, मग खर्च सगळ्यांनी का करायचा? सर्वसाधारण सभेत हा प्रश्न येणारच. उत्तर गारव्याचं देऊ नका, गळतीचं द्या. स्लॅब दुपारी पन्नाशी ओलांडतो आणि पहाटे पंचविशीवर येतो. या रोजच्या फुगण्या-आकसण्याने भेगा रुंदावतात, पाणी सळयांपर्यंत जातं आणि दुरुस्तीचा मोठा खर्च सगळ्यांच्याच माथी येतो. पांढरा थर हा चढउतार कमी करतो. सेक्रेटरींना म्हणा, वॉटरप्रूफिंगचं काम येत्या दोन-तीन वर्षांत निघणारच असेल तर तेव्हाच त्यावरचा शेवटचा थर पांढरा, ०.८० परावर्तनाचा, असं निविदेतच लिहा. मजुरी दुप्पट पडत नाही.

पर्यावरणाचा मुद्दा मांडायचा असेल तर तोही हाताशी ठेवा. हाशेम अकबरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार १०० चौरस मीटर काळपट छत पांढरं केलं तर परतलेल्या उन्हाचा परिणाम सुमारे १० टन कार्बन डायऑक्साइड एकदाच हटवण्याइतका होतो. याने जागतिक तापमानवाढ थांबणार नाही. जळणाऱ्या कोळशाला छत हा पर्याय नव्हे. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण आणलं ते मुख्यतः माणसं उन्हात वाचावीत म्हणून. आपल्यालाही ते कारण पुरेसं आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या जाहीर सोहळ्यात उष्माघाताने चौदा जण गेले, तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून आपल्याकडे ३८ सुद्धा जिवावर उठतो.

पायरी ९: धुणं

वर्षातून एकदा तरी, फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चच्या सुरुवातीला. हिवाळ्यात पाऊस नसतो, त्यामुळे घोडबंदर रोडची बांधकामाची धूळ, अवजड वाहनांची काजळी हे सगळं तेव्हा छतावर बसलेलं असतं, आणि कडक ऊन नेमकं त्यानंतर येतं. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, पाइप. तारेचा ब्रश आता नको, थर सोलेल. पाणीकपात असेल तर बादली आणि पोछा घ्या, धूळ तेवढ्यानेही बरीच निघते. काजळी जास्त असलेल्या भागात एप्रिलच्या मध्याला पुन्हा एकदा धुवा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये शेवाळ दिसलं तर त्याच आठवड्यात ब्लीचिंगचं पाणी मारून काढा. वाळून काळं झालं की दुप्पट मेहनत.

गच्चीवर जिन्याच्या भिंतीशी दोन वीतभर जागा कायम कोरी, जुन्या कोब्यासारखीच सोडा. दर मार्चमध्ये धुतल्यानंतर दुपारी दोनला ती आणि पांढरा भाग दोन्ही मोजा आणि आकडे सोसायटीच्या वहीत तारखेसकट लिहा. धुऊनही दोन्हींमधला फरक पहिल्या वर्षीच्या निम्म्यावर आला, तर सगळं खरवडायची गरज नाही: सुटलेले भाग साफ करून एकच हात मारून घ्या.